सोळा डिग्रीवरचे अश्रू

शुक्रवारी संध्याकाळी सिंगापुरातल्या पुंगोलच्या त्या ब्लॉकची लिफ्ट बाराव्या मजल्यावर थांबली की आधी तिच्यातून रिकाम्या बाटल्या बाहेर पडत आणि बाटल्यांमागून माणसं. रॅफल्स प्लेसहून थेट आलेले, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र काढायचं विसरलेले बँकवाले. कडेवर पोर आणि हातात फुलपुडी घेतलेल्या तरुण आया. बुकित तिमाहहून दोन गाड्या बदलून आलेल्या, सिल्कच्या साड्या नेसलेल्या बायका. कॉरिडॉरमधली चपलांची रांग शेजारच्या मिसेस टॅन यांच्या कुंड्यांपर्यंत पोचायची. पहिल्या शुक्रवारी मिसेस टॅननी "पार्टी आ?" असं हसून विचारलं होतं. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी कुंड्या घरात घेतल्या.

आत, सुलेखाबाईंच्या हॉलमध्ये, दक्षिणेच्या भिंतीवर पद्माकरराव रडत होते.

पद्माकरराव म्हणजे अर्थात त्यांचा फोटो. सुलेखाबाईंचे यजमान स्वतः मार्चमध्ये गेले, दुपारचा चहा पिता पिता, कोणाला काही कळायच्या आत. जन्मभर हा माणूस देवळाची पायरी चढला नव्हता. बायकोला देवळाच्या दारापर्यंत सोडायचा आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचा. पण मेल्यावर माणसाला विचारतो कोण? आता त्याच्यासमोर समया होत्या, धूप होता, आणि तीस-चाळीस माणसं श्वास रोखून त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघत होती.

"आला! आला!"

चंदनाच्या हारातून एक थेंब सुटला. काचेवर लावलेल्या अष्टगंधाच्या टिळ्यावरून घरंगळत डोळ्याच्या कोपऱ्याशी आला, तिथे किंचित थबकला आणि गालावरून खाली ओघळला. केशरी रंगाचा. पाठोपाठ दुसरा. खाली तांब्याचं ताम्हन धरलेलं होतं, त्यात टपकन आवाज झाला. हॉलभर हुंदके फुटले. कोणीतरी म्हणालं, "वास बघा, वास! साक्षात चंदन!"

हार चंदनाचा असताना वास फणसाचा आला असता तर तो खरा चमत्कार, असं अनघाच्या मनात आलं. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. पद्माकररावांची ती एकुलती मुलगी. वडील गेल्यापासून आपलं भाड्याचं घर सोडून आईकडे राहायला आली होती.

"बाप भिंतीतून रडतोय आणि लेकीच्या डोळ्यांत टिपूस नाही," बुकित तिमाहच्या स्मितावहिनी शेजारणीच्या कानात म्हणाल्या. कानात म्हणजे अनघाला नीट ऐकू जाईल इतक्या हळू.

फोटोशेजारच्या आरामखुर्चीत, गुडघ्यांवर जाड शाल घेऊन चारुदत्तजी बसले होते. चारुदत्तजी पूर्वी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते. तिथे दिलेली तारीख त्यांना कधी पाळता आली नाही, म्हणून त्यांनी असा व्यवसाय धरला, जिथे मुदत पुढच्या जन्माची असते. ते कोणाकडून पैसा घेत नाहीत, हे त्यांच्याविषयीचं पहिलं वाक्य असे. त्यांना लागायचा फक्त माणसांचा होकार. आणि तो ते पुरेपूर वसूल करायचे.

"आत्मा म्हणजे काय?" चारुदत्तजींनी विचारलं. "आत्मा म्हणजे क्लाउड! देह हा लॅपटॉप. लॅपटॉप बिघडला म्हणून डेटा जातो का?"

"नाही जात," पुढच्या रांगेतून उत्तर आलं.

"पद्माकरजींचा डेटा वर सुखरूप आहे. हवं आहे ते फक्त कनेक्शन. आता सांगा, सर्व्हर रूम थंड का ठेवतात?"

हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या बाकावरच्या हुशार पोरांसारखं तिघांनी एकदम सांगितलं, "तापू नये म्हणून!"

"बरोब्बर! उष्णता म्हणजे वासना. शीतलता म्हणजे संपर्क. आपल्या पूर्वजांनी समाधी लावायला हिमालय का निवडला? उगीच नाही. इथे हिमालय नाही, म्हणून सोळा डिग्री."

शाल जराशी हलली, भिंतीवरच्या एसीतून 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि झोत वाढला. दिवसभर कोडमधल्या एका स्वल्पविरामावर वाद घालणारी माणसं समाधानानं माना डोलवत होती. सोळा अंश, सर्व्हर, हिमालय. सगळं कसं शास्त्रशुद्ध!

*

हा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावायचा, ही कल्पना विश्वासकाकांची. विश्वासकाका म्हणजे पद्माकररावांचे पंचवीस वर्षांपासूनचे मित्र, चार ब्लॉक सोडून राहणारे. ते होकायंत्राचं ॲप आणि स्वतःचं जर्मन ड्रिल घेऊन आले होते. "वहिनी, गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेलाच. पितरांची दिशा ती. पूर्वेला देव, दक्षिणेला पितर, यात ॲडजस्टमेंट नाही." फोटोसाठी एक स्क्रू, आणि हार काचेवर नीट लोंबावा म्हणून त्याच्या वर दुसरा, चांगला लांब, बाहेर आलेला स्क्रू. सगळ्या मराठी घरांत असतो तसाच चंदनाच्या सालींचा हार त्यावर चढला.

पहिल्या मासिक श्राद्धाला चाळीसएक माणसं जेवायला आली. विश्वासकाका त्यांच्या ओळखीच्या चारुदत्तजींना प्रवचनाला घेऊन आले. गर्दी झाली, उकाडा झाला, एसी जोरात लावला. आणि चारुदत्तजी 'पितरांची अतृप्ती' या विषयावर बोलत असताना पद्माकररावांच्या गालावरून पहिला थेंब ओघळला.

खरं तर चारुदत्तजी स्वतःच दचकले होते. अनघानं ते पाहिलं होतं. पण दुसऱ्या शुक्रवारी थेंब आला नाही, कारण सुलेखाबाईंनी एसी सव्वीसवर ठेवून पंखे लावले होते. चारुदत्तजींनी तेव्हा बराच वेळ भिंतीकडे पाहिलं, मग एसीकडे पाहिलं, मग रिमोट मागून घेतला. त्यानंतर पद्माकरराव एकाही शुक्रवारी चुकले नाहीत आणि सत्संग चालू असेपर्यंत रिमोटही पुन्हा सुलेखाबाईंच्या हाती आला नाही. सत्संग संपला की चारुदत्तजी तो टेबलावर ठेवून जात, जणू पूजेचं एखादं उपकरण.

इथवर अनघाला हे सारं हास्यास्पद वाटत होतं. बँकेत तिचं कामच संशयाचं होतं. कुठल्याही खात्यात अचानक काही मोठं आलं की 'हे आलं कुठून?' एवढंच विचारत राहायचं. पण घरी आल्यावर ती तो प्रश्न विचारत नव्हती. आईला जेवण जात होतं. आई चार माणसांत बसत होती. भिंतीवरच्या चार थेंबांनी हे होत असेल, तर होऊ दे.

मग एके सकाळी तिनं आईची गोळ्यांची डबी उघडली. सोमवारपासून सगळे कप्पे भरलेले.

"आई, या गोळ्या तशाच आहेत."

"हो."

"हो म्हणजे?"

"बंद केल्यात. तीर्थ घेते ना मी रोज." फ्रिजच्या दारात शुक्रवारचं पाणी भरलेली बाटली होती. तिला हळद-कुंकू लावलेलं होतं.

अनघानं खुर्ची ओढली. "ही रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, आई. तुझे ठोके अनियमित पडतात. हृदयात गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊन अडकते. डॉक्टरनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं तुला."

"दाखवलं होतं. ह्यांच्या हृदयाचं चित्र काढलं होतं का कोणी? ते एकही गोळी न घेता ठणठणीत होते, आणि गेले." सुलेखाबाईंनी डबीचं झाकण लावलं. "गुरुजी म्हणाले, अनुष्ठान पुरं होईपर्यंत अंगात केमिकल जाऊ द्यायचं नाही. मी औषधांवर जगतेय, त्याचा ह्यांना तिकडे त्रास होतोय. म्हणून रडतात ते."

"असं म्हणाले?"

"माझ्या देहाच्या मोहात अडकलेत म्हणे. मी मोह सोडला की ते सुटतील." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी आणायला चाललेय म्हणावं तसा. "तुझे बाबा तिथे रडतायत अनघा, आणि तू इथे गोळ्या मोजत बस."

अनघानं डॉक्टरांना फोन लावून दिला. सुलेखाबाईंनी नम्रपणे ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाल्या आणि तीर्थ प्यायल्या. विश्वासकाकांना सांगून पाहिलं. "गुरुजी सांगतात त्यात काहीतरी असेल गं," ते म्हणाले. "आपल्याला सगळंच कळतं असं थोडंच आहे?" आपल्याला सगळंच कळत नाही, या वाक्याचा मोठा फायदा हा, की त्याच्या आडोशाला बसून कळतं तेसुद्धा कळून घ्यायचं टाळता येतं.

*

मंगळवारी अनघा कामावरून परतली तेव्हा हॉलमध्ये दिवा नव्हता. पंखा चालू होता. सुलेखाबाई स्टुलावर, फोटोसमोर बसल्या होत्या. दार उघडल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

"अहो, माझं काय चुकलं?" त्या फोटोला विचारत होत्या. "सगळ्यांसमोर येता. त्या स्मितासाठी येता. मी एकटी असले की मात्र कोरडे ठणठणीत. चाळीस वर्षं संसार केला, एक थेंब नाही माझ्यासाठी?"

काचेवर काही नव्हतं. अनघा दारात बूट हातात घेऊन उभी राहिली. तिला पहिल्यांदा राग आला, आणि रागाबरोबर इतक्या आठवड्यांनी तिचं डोकं चालायला लागलं. शुक्रवारी काय असतं, जे मंगळवारी नसतं? गुरुजी, आरती, माणसं; आणि एसी. आई एकटी असताना एसी कधीच लावत नसे. एका माणसासाठी कसला एसी, हे तिचं ठरलेलं वाक्य.

दुसऱ्याच दिवशी सुलेखाबाई भजनासाठी बुकित तिमाहला स्मितावहिनींकडे गेल्या. अनघानं सुट्टी टाकली. एसी सोळावर लावला आणि बाहेरची दमट हवा गर्दीसारखीच आत यावी म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघडल्या. समई नाही, धूप नाही, प्रवचन नाही. समोर पुस्तक धरून बसली, पण पान उलटलं नाही.

मग हाराच्या टोकाला काहीतरी चमकलं.

थेंब अष्टगंधावरून आला, डोळ्याच्या कोपऱ्याशी थांबला. घरात कोणी नव्हतं. वडील तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ती उठून जवळ गेली. एवढं सगळं स्वतःच्या हातांनी जुळवून आणूनही तिला वाटलं, एक क्षण असू दे. चिकित्सा नंतर करू. हात काचेपर्यंत गेला. माणसं बाटल्या घेऊन का येतात, ते तिला तेव्हा समजलं, आणि पुढे ती कधी त्यांना हसली नाही.

मग तिनं एसी बंद केला. काही वेळात थेंब थांबले. चालू केला, पुन्हा आले. वडील रिमोटवर चालत होते.

रात्री तिनं आईला सगळं सांगितलं. आपण एकटीच होतो, आरती नव्हती, गुरुजी नव्हते, फक्त एसी होता, तरी पाणी आलं.

सुलेखाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "म्हणजे तुझ्यासाठी आले ते! तू एकटी असताना! बघ, मी म्हणत नव्हते?" आणि मग तोंड फिरवून, "माझ्यासाठी नाही आले."

पुरावा हातात आहे आणि तोच उलटा वाचला जातोय, हे अनघाला नवीन होतं. बोलून भागणार नव्हतं. आईला स्वतःला दिसायला हवं होतं.

*

शुक्रवारी माणसं यायच्या आधी अनघा स्टुलावर चढली. भिंतीवरच्या एसीचं पुढचं झाकण उघडलं, जाळ्या काढल्या, आणि आतल्या थंड पत्र्यांवर एक छोटी बाटली अख्खी ओतली. झाकण लावलं, स्टूल जागेवर ठेवलं.

सत्संग रंगात आला. आज अनुष्ठानाचा महत्त्वाचा टप्पा होता; सुलेखाबाई नवी कोरी साडी नेसून अगदी पुढे बसल्या होत्या. गोळी थांबवून त्यांना आता दोन आठवडे होत आले होते. शाल हलली, एसीत 'टिंग' झालं. आरती झाली. सगळ्यांचे डोळे भिंतीवर खिळले.

थेंब आला. हिरवा.

क्षणभर कोणाला कळेना की हात जोडायचे की काय करायचं. दुसरा थेंब आला, तोही हिरवागार. पद्माकररावांच्या गालावर पाचूची रेघ उमटली.

"हिरवे!" मागून एक आवाज आला. "मागच्या वेळी तर केशरी होते."

चारुदत्तजींनी डोळे मिटले. अशा प्रसंगी डोळे मिटण्याचा फायदा असा, की विचार करायला सवड मिळते आणि लोकांना ते ध्यान वाटतं. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर स्मित होतं.

"अनाहत चक्र," ते म्हणाले. "हृदयाचा रंग हिरवा. केशरी अश्रू वैराग्याचे होते, हे करुणेचे आहेत. वहिनी, तुमचं तप फळलं! तुम्ही औषधाचा मोह सोडलात आणि पद्माकरजींनी तुम्हाला क्षमा केली. सिस्टीम अपग्रेड झाली!"

हॉलमध्ये जयजयकार झाला. स्मितावहिनी रडत सुलेखाबाईंच्या गळ्यात पडल्या. विश्वासकाकांनी ताम्हनातलं तीर्थ पळीत घेतलं आणि पहिला मान वहिनींचा म्हणून पुढे केलं. अनघा गर्दीतून पुढे सरकली, वेळ पडली तर पळी हिसकावून घ्यायला.

सुलेखाबाईंनी पळी ओठांपर्यंत नेली. आणि थांबल्या. नाक पळीजवळ नेलं. पुन्हा एकदा.

गेली कित्येक वर्षं गणपतीला सुलेखाबाईंच्या नारळाच्या वड्या सिंगापूरभर जायच्या. साध्या नव्हेत, इथल्या पांदानच्या पानांचा वास आणि हिरवा रंग घातलेल्या. पद्माकररावांचीच ती मूळ फर्माईश. त्या वासाबाबत सुलेखाबाईंना फसवणं सिंगापुरात कोणाला शक्य नव्हतं.

"हा पांदान आहे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, हा दिव्य सुगंध..." चारुदत्तजी सुरू झाले.

"दिव्य कसला? पांदान इसेन्स आहे. माझ्या कपाटातला, हिरव्या झाकणाचा." त्यांनी पळी खाली ठेवली. मागे न बघता हाक मारली, "अनघा?"

अनघानं रिकामी बाटली आईच्या हातात दिली. "एसीच्या आत ओतला होता, आई. तासाभरापूर्वी. तिथून तो बाबांच्या डोळ्यांत आला."

सुलेखाबाईंनी बाटलीचं हिरवं झाकण उघडून वास घेतला.

"घोर पाप!" चारुदत्तजी उभे राहिले. शाल सरकली आणि मांडीवरचा रिमोट फरशीवर पडला. "पवित्र प्रवाहात या मुलीनं भेसळ केली!"

"भेसळ झाली हे तुम्हाला कळलं नाही, गुरुजी," अनघा म्हणाली. "तुम्हाला त्यात अनाहत चक्र दिसलं. बाबांनी क्षमा केली असंही म्हणालात. ती आता मागे घ्यायची का? उद्या त्यांनी कुठल्या रंगाचं रडायचं तेवढं सांगून ठेवा. आमच्याकडे लालही आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हसू ही फार संसर्गजन्य गोष्ट. तीन-चार जणांनी घाईघाईनं खोकून घेतलं.

पण चारुदत्तजीही कसलेले होते. ते खाली बसले, आवाज मृदू केला. "मुली, आत्म्याला प्रकट व्हायला माध्यम लागतं. आज त्यानं एसीचं पाणी निवडलं. माध्यम सापडलं म्हणून आत्मा खोटा ठरत नाही."

कित्येक माना पुन्हा डोलल्या. सुटका झाल्यासारख्या.

"मग माध्यमाशिवाय बोलवा," अनघानं रिमोट उचलून एसी बंद केला. "बाकी सगळं तेच. तुम्ही आहात, माणसं आहेत, समया आहेत."

"श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते!"

"घेऊ द्या, गुरुजी." हे सुलेखाबाई बोलल्या. "मी विनंती करते. मी त्यांच्यासाठी गोळी सोडली. एवढं बघायचा हक्क आहे मला."

याला नाही म्हणता येईना. भजन सुरू झालं. चाळीस माणसं, चार समया, बंद दारं आणि सिंगापूरची हवा. पहिल्या भजनाला घाम फुटला. दुसऱ्याला सिल्कच्या साड्या पाठीला चिकटल्या. हिरवे थेंब विरळ झाले आणि थांबले. चारुदत्तजींनी तिसरं भजन अधिक उंच पट्टीत घेतलं, पण पद्माकरराव काही केल्या गहिवरेनात. कोणाला उद्याची मीटिंग आठवली, कोणाच्या मुलाची झोपायची वेळ झाली. हिमालयातली समाधी उकाड्यात तीन भजनंही टिकली नव्हती.

"विश्वासभावजी," सुलेखाबाई म्हणाल्या, "तो हाराचा स्क्रू काढा."

विश्वासकाकांनी हार उतरवला, फोटो उतरवून सुलेखाबाईंच्या मांडीवर दिला, आणि वरचा लांब स्क्रू फिरवायला सुरुवात केली. स्क्रू बाहेर आला. त्याच्या आट्यांत काळ्या फोमचा तुकडा होता, पांढऱ्या प्लास्टिकचा कीस होता. ओढताना आत काहीतरी हललं, आणि भोकातून पाण्याची एक बारीक हिरवी धार निघून थेट त्यांच्या शर्टावर पडली.

"पाइप," ते पुटपुटले. "मी पाइपात ड्रिल केलं."

"आत पाइप आहे हे कळलं नाही तुम्हाला?" कोणीतरी विचारलं.

"भिंत फार मऊ लागली तेव्हा शंका आली होती."

"मग?"

"मला वाटलं, ड्रिल चांगलं आहे."

या वेळी कोणी खोकलं नाही. सगळे हसले, विश्वासकाकासुद्धा, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या गडबडीत चारुदत्तजी शाल घडी करून बाहेर पडले. जाताना एक तरुण बाई मात्र ताम्हनाजवळ घुटमळली. "ताई," ती अनघाला हळूच म्हणाली, "तरीपण थोडं नेऊ का? घरात असू दे म्हणून." अनघानं ताम्हन मोरीत ओतलं आणि तिला प्यायला साधं पाणी दिलं.

*

गोळी त्याच रात्री सुरू झाली. सोमवारी डॉक्टरांनी तपासलं, तपासण्या केल्या, आणि यावेळी निभावलं, असं स्पष्ट सांगितलं. प्रत्येक वेळी निभावत नाही, हेही सांगितलं.

त्या आठवड्यात एसीचा माणूस आला आणि त्यानं भिंत उघडली. भिंत म्हणजे खऱ्या भिंतीपुढे उभा केलेला जिप्समचा पडदा. घर सजवताना एसीचे पाइप दिसू नयेत म्हणून घातलेला. मागे सगळं उघडं होतं. एसी हवेतला ओलावा शोषतो, त्याचं थंड पत्र्यांवर पाणी होतं, आणि ते पाणी वाहून न्यायला एक साधा प्लास्टिकचा पाइप असतो. हा पाइप हॉलच्या दक्षिण भिंतीतून बाथरूमच्या मोरीपर्यंत जात होता. त्याला उतार द्यायला हवा होता. बसवणाऱ्यानं जवळजवळ आडवाच टाकला होता. मधे तो खाली लोंबला होता, टोकाला शेवाळी चिखल साठला होता. थोडं पाणी असलं की ते हळूहळू झिरपून जाई. पण सोळावर, दमट गर्दीत पाणी भरपूर झालं की पाइप तुंबे, पातळी चढे, आणि विश्वासकाकांनी पाडलेल्या भोकापर्यंत पोचे. तिथून स्क्रूवरून हारावर, हारातून काचेवर. चंदनाचा वास हाराचा. केशरी रंग अष्टगंधाचा. आणि करुणा चारुदत्तजींची.

पाइपचा कापलेला तुकडा सुलेखाबाईंनी हातात घेतला. आतला काळपट बुळबुळीत थर बघून म्हणाल्या, "हे मी प्यायले?"

"हो."

"रोज?"

"हो, आई."

नवा पाइप लागला, या वेळी टोकापर्यंत चांगल्या उतारावर. सुलेखाबाई बाथरूमच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि वरून ओतलेलं पाणी खळखळत मोरीत पडताना बघत राहिल्या. बराच वेळ.

"म्हणजे ते रडत नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, आई. ते पाणी होतं."

"मग माझ्यामुळे त्यांना काही त्रास होत नाहीये."

"कुणामुळेच होत नाहीये."

सुलेखाबाईंनी पदरानं चेहरा पुसला आणि एसीवाल्यासाठी चहा टाकायला गेल्या. बुद्धिवाद कोरडा असतो, असं म्हणणाऱ्यांनी त्या वेळचा त्यांचा चेहरा पाहायला हवा होता. कित्येक आठवडे एका बाईला आपल्या मेलेल्या नवऱ्याला छळणारी म्हणून जगावं लागलं होतं, आणि त्यातून तिला सोडवलं ते कुठल्या क्षमेनं नव्हे. पाणी उतारानं वाहतं, एवढ्या एका गोष्टीनं.

काही दिवसांनी स्मितावहिनींचा फोन आला. त्यांच्या कॉन्डोत आता चारुदत्तजी बसत होते. त्यांच्या सासऱ्यांच्या फोटोतून विभूती पडायला लागली होती. झालं गेलं विसरून सुलेखाताईंनी यावं.

"येईन की," सुलेखाबाई म्हणाल्या. "त्याआधी एवढं बघून ठेव. ती येते कुठून? कधी येते, आणि कधी येत नाही? काय बंद केलं की थांबते?" पलीकडे काहीतरी चाचरत बोलणं झालं. "गुरुजी रागावतात? मग तर नक्की विचार. आणि स्मिता, तुझी शुगरची गोळी तेवढी सोडू नकोस हं."

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ज्यांच्याकडे पदव्यांची चळत होती ते त्या हॉलमध्ये माना डोलवत बसले होते. या प्रश्नांनी देवावरचा विश्वास मोडतो असंही नाही. सुलेखाबाई अजून देवळात जातात. मोडतो तो फक्त प्रश्न विचारले की चिडणाऱ्या माणसाचा धंदा. घरात कोणी गेलं की मागे राहिलेला माणूस काहीही ऐकायला तयार असतो, फक्त ते गेलेल्या माणसाकडून आलेलं हवं. म्हणून तेव्हाच जास्त जपायला हवं. औषध सुरू करायचं की सोडायचं ते डॉक्टरला विचारा, भिंत ओली झाली तर भिंत उघडून बघा. आणि गेलेला माणूस काय म्हणतोय ते कोणी तिसराच सांगायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा. गेलेला माणूस स्वतःची बाजू मांडायला परत येत नाही. ते काम आपलं.